उंबरठा आणि कळस

इसवी सन १८५८ मधील गोष्ट. कलकत्ता विद्यापीठाची पहिली बी. ए. ची परीक्षा पार पडली. तेरा उमेदवारांनी नावे नोंदविली होती. प्रत्यक्षात दहाजण परीक्षेस बसले. उत्तरपत्रिका तपासून झाल्या तेव्हा परीक्षकांपुढे मोठाच पेच उभा राहिला. दहांपैकी एकही उमेदवार उत्तीर्ण झालेला नव्हता. विषय सहा होते आणि सहांतही उत्तीर्ण होणे आवश्यक होते. दोघा तरुणांनी पाच विषयांत चांगले गुण मिळविले होते. सहाव्यात मात्र ते उणे पडले होते, आणि तेही सातांहून अधिक गुणांनी नव्हे. विद्यापीठाने विचार केला, उणे पडलेले गुण या दोघांना कृपा म्हणून दिले आणि त्यांना पदवी बहाल केली. त्यांतील एकाचे नाव यदुनाथ बोस. दुसऱ्याचे बंकिमचंद्र चट्टोपाध्याय. 'वंदे मातरम्'चा कर्ता विद्यापीठाचा पदवीधर झाला तो असा, थोड्याशा गुणांच्या कृपेने.

ही हकीकत पुष्कळदा विनोदाने सांगितली जाते. परीक्षेत नापास झालेल्या मुलाचे सांत्वन करण्यास ती फार उपयोगी पडते. परंतु विनोद बाजूस सारला, तर तिच्या पोटात एक गंभीर प्रश्न दडलेला दिसतो. त्या दिवशी विद्यापीठाने आपला दर्जा खाली आणला, की आपलीच एक चूक दुरुस्त केली? बंकिमचंद्रांनी विद्यापीठाची प्रवेशपरीक्षा दिली ती १८५७ साली. ज्याने आदल्या वर्षी उंबरठा ओलांडला, त्याला पुढच्याच वर्षी कळसाला हात लावून दाखव असे सांगण्यात आले होते. जे शिकण्यास पुरेसा अवधी मिळाला नाही, ते न आल्याचा दोष विद्यार्थ्याच्या माथी किती मारावा? दर्जा म्हणजे नेमके काय, तो कोणी ठरवावा आणि कोणी कोणाकडून पाळून घ्यावा, हा वाद कोलकाता शहरात त्या दिवसापासून चालू आहे. हिंदुस्थानातील शालेय शिक्षणाचा निम्मा इतिहास या एका वादात सामावलेला आहे, असे म्हटल्यास फारशी अतिशयोक्ती होणार नाही.

शहराचे नाव २००१ साली 'कोलकाता' झाले. विद्यापीठाने मात्र आपले जुने नाव सोडलेले नाही. २४ जानेवारी १८५७ रोजी त्याचा कायदा मंजूर झाला. मुंबई आणि मद्रास येथील विद्यापीठेही त्याच वर्षातील. तिन्हींचा आदर्श होता लंडन विद्यापीठाचा. ते विद्यापीठ त्या काळी स्वतः शिकवीत नसे. परीक्षा घेई आणि पदव्या देई. तोच नमुना येथे उतरविण्यात आला. मार्च १८५७ मध्ये कोलकात्याच्या टाऊन हॉलमध्ये पहिली प्रवेशपरीक्षा झाली, तिला २४४ विद्यार्थी बसले. आरंभी या विद्यापीठाच्या अधिकाराचा पसारा लाहोरपासून रंगूनपर्यंत होता. पंजाबचे विद्यापीठ १८८२ साली आणि अलाहाबादचे १८८७ साली निघाले, तोवर एवढ्या अफाट मुलखातील इंग्रजी शाळांची मान एकाच दिशेला वळलेली होती.

प्रवेशपरीक्षा या शब्दाचा अर्थ साधा आहे. महाविद्यालयात पाऊल ठेवण्यास विद्यार्थी लायक आहे की नाही, हे पाहणारी परीक्षा. तिचा संबंध पुढच्या घराशी. मागच्या घराशी नव्हे. परंतु अल्पावधीतच या परीक्षेने शाळेचाच कब्जा घेतला. मुलगा कॉलेजात जावो वा न जावो, सरकारी कचेरीतील नोकरीसाठी हेच प्रमाणपत्र विचारले जाऊ लागले. मग शाळा काय शिकवते यापेक्षा शाळेतून किती मुले सुटली याला महत्त्व आले. जे प्रश्नपत्रिकेत नाही ते वर्गातही नाही, अशी स्थिती झाली. आरंभीची थोडी वर्षे काही विषयांची उत्तरे देशी भाषांतून लिहिण्याची मोकळीक होती. तीही लवकरच काढून घेण्यात आली. इतिहास असो, भूगोल असो, गणित असो, बंगाली मुलाने उत्तर लिहायचे ते इंग्रजीत. विषय समजला नाही तरी चालेल, वाक्ये पाठ पाहिजेत, असा त्याचा अर्थ झाला. घोकंपट्टीचा दोष मुलांच्या आळसावर ढकलण्याची आपल्याकडे रीत आहे. पण तो रोग परीक्षेच्या नियमांनी शाळेत आणला, हे तेथील इतिहास स्पष्ट दाखवितो.

मुंबई इलाख्यात याहून निराळे घडत नव्हते. मुंबई विद्यापीठाचे पहिले चार बी. ए. झाले ते १८६२ साली: महादेव गोविंद रानडे, रामकृष्ण गोपाळ भांडारकर, वामन आबाजी मोडक आणि बाळ मंगेश वागळे. त्याच सुमारास तेथील वरच्या परीक्षांतून मराठीचे उच्चाटन झाले. ती पुन्हा आत यावी म्हणून न्यायमूर्ती रानड्यांनी आयुष्याच्या अखेरपर्यंत खटपट केली, आणि एम. ए. च्या अभ्यासक्रमात मराठीला जागा मिळाली तेव्हा १९०१ साल उजाडले होते. म्हणजे रानड्यांच्या निधनाचेच वर्ष. स्वतः त्या परीक्षेच्या कसोटीतून अव्वल उतरलेल्या माणसाला ती कसोटी अपुरी वाटत होती, ही गोष्ट ध्यानात घेण्यासारखी आहे.

कसोट्यांच्या या इतिहासात काही अटी तर अशा होत्या की त्यांचा दर्जाशी काडीचाही संबंध नव्हता. चंद्रमुखी बसू ही मुलगी डेहराडूनहून प्रवेशपरीक्षेला बसू इच्छीत होती. १८७६ साली तिला प्रश्नपत्रिका सोडविण्याची परवानगी मिळाली, पण अधिकृत उमेदवार म्हणून नव्हे. तिची उत्तरे उत्तीर्ण होण्याजोगी ठरली. तरीही तिचे नाव उत्तीर्णांच्या यादीत येऊ शकले नाही, कारण नियमांत उमेदवार पुरुष असेल हे गृहीतच धरलेले होते. पुढे १८७८ साली विद्यापीठाने आपली दारे मुलींना उघडली, आणि त्याच वर्षी बेथून शाळेची कादंबिनी बसू प्रवेशपरीक्षा उत्तीर्ण झाली. तिचा पहिला वर्ग अवघ्या एका गुणाने हुकला. १८८३ साली चंद्रमुखी आणि कादंबिनी या दोघींना बी. ए. ची पदवी मिळाली. कादंबिनी पुढे गांगुली या नावाने विख्यात डॉक्टर झाली. बंकिमचंद्रांना थोड्या गुणांची कृपा मिळाली. कादंबिनीला एका गुणाचीही मिळाली नाही. तिने ती मागितल्याचेही कोठे नमूद नाही. तिला कृपा नको होती. दार उघडे हवे होते. कृपा आणि दार यांतील हा फरक पुढील सर्व विवेचनात लक्षात ठेवण्याजोगा आहे.

दाराचा प्रश्न याहूनही मोठा आहे, हे महाराष्ट्रातील एका पुरुषाने त्याच काळात सांगितले होते. १८८२ साली सर विल्यम हंटर यांच्या अध्यक्षतेखाली शिक्षण आयोग नेमला गेला. त्या आयोगापुढे जोतीराव फुल्यांनी पुण्याहून आपले निवेदन पाठविले. सरकारचा महसूल मुख्यतः कष्टकरी रयतेच्या घामातून येतो; तो खर्च होतो वरिष्ठ वर्गांच्या उच्च शिक्षणावर; रयतेच्या मुलांना मात्र साधी प्राथमिक शाळाही मिळत नाही, असा त्यांचा रोकडा हिशेब होता. बारा वर्षांपर्यंतच्या मुलांना प्राथमिक शिक्षण सक्तीचे करावे, अशी त्यांची मागणी होती. शिक्षक चांगले आणि पुरेशा पगाराचे असावेत, शेतकऱ्यांच्या वर्गातून आलेले असावेत, हेही त्यांनी बजावले होते. म्हणजे दर्जाची चर्चा फुल्यांनी विद्यार्थ्यापासून सुरूच केली नाही. त्यांनी ती सरकारच्या खजिन्यापासून आणि शिक्षकाच्या पगारापासून सुरू केली.

हाच धागा पुढे गोपाळ कृष्ण गोखल्यांनी कोलकात्यात उचलला. त्या वेळी हिंदुस्थानची राजधानी कोलकाता होती आणि वरिष्ठ कायदेमंडळ तेथेच भरे. १६ मार्च १९११ रोजी गोखल्यांनी प्राथमिक शिक्षणाचे विधेयक मांडले. विधेयक अगदी मवाळ होते. ज्या स्थानिक संस्थेच्या हद्दीत मुलांचे ठराविक प्रमाण आधीच शाळेत जात असेल, तेथेच सक्ती लागू करण्याची मुभा त्यात होती. परंतु त्यातील तत्त्व मोलाचे होते. मुलाला शाळेत पाठविण्याचे बंधन पालकावर घालावयाचे असेल, तर शाळा उपलब्ध करून देण्याचे बंधन स्थानिक संस्थेने आणि सरकारने आधी स्वीकारले पाहिजे, हे ते तत्त्व. १९१२ च्या मार्चमध्ये ३८ विरुद्ध १३ मतांनी विधेयक फेटाळले गेले. अट घालण्याची हौस सर्वांना असते. आपल्यावर अट घालून घेण्याची तयारी थोड्यांची असते, याचा तो एक दाखला होता.

विद्यापीठाच्या बाजूने हा पेच सोडविण्याचा सर्वांत भव्य प्रयत्न केला तो सर आशुतोष मुखर्जी यांनी. १९०४ साली लॉर्ड कर्झन यांच्या राजवटीत विद्यापीठांचा नवा कायदा झाला. शाळा-कॉलेजांवर कडक देखरेख ठेवावी, मान्यतेच्या अटी घट्ट कराव्यात, असा त्याचा रोख होता. बंगालमध्ये लोकांना भीती वाटली की दर्जाच्या नावाखाली शिक्षणाचा संकोच होणार. या कायद्याच्या अंमलबजावणीची जबाबदारी आली ती १९०६ साली कुलगुरू झालेल्या आशुतोषांवर. त्यांनी ज्या शस्त्राने शिक्षण आवळले जाणार होते, त्याच शस्त्राने ते विस्तारले. जुन्या प्रवेशपरीक्षेच्या जागी मॅट्रिक्युलेशन आली, तिच्यात मातृभाषेतील लेखन आवश्यक झाले. १८९१ साली, तरुण सभासद असताना, वरच्या परीक्षांत देशी भाषांना स्थान द्यावे असा ठराव त्यांनी मांडला होता व तो फेटाळला गेला होता. तो पराभव ते विसरले नव्हते.

आशुतोषांच्या अमदानीत मॅट्रिक्युलेशन उत्तीर्ण होणाऱ्यांची संख्या फुगली. विद्यापीठाने पदव्यांचा बाजार मांडला, दर्जा धुळीस मिळविला, अशी टीका त्यांच्यावर झाली. या टीकेत तथ्य मुळीच नव्हते असे म्हणता येणार नाही. परंतु टीकाकारांनी केवळ उंबरठ्याकडे पाहिले; कळसाकडे पाहिले नाही. त्याच काळात या विद्यापीठाने परीक्षा घेणाऱ्या कचेरीचे रूप टाकून स्वतः शिकविण्यास आरंभ केला. तारकनाथ पालित आणि रासबिहारी घोष यांच्या उदार देणग्यांतून १९१४ साली विज्ञान महाविद्यालय उभे राहिले. १९१७ साली पदव्युत्तर शिक्षणाची पुनर्घटना झाली. भौतिकशास्त्राच्या पालित अध्यासनावर चंद्रशेखर वेंकट रामन आले; तत्त्वज्ञानाच्या अध्यासनावर पुढे सर्वपल्ली राधाकृष्णन आले; आणि प्राचीन भारतीय इतिहासाच्या कारमायकेल अध्यासनावर १९१७ पासून १९३६ पर्यंत देवदत्त रामकृष्ण भांडारकर, म्हणजे मुंबईच्या त्या पहिल्या चार पदवीधरांपैकी रामकृष्णपंतांचे चिरंजीव, विराजमान होते. १९१९ साली भारतीय भाषांमध्ये एम. ए. करण्याची सोय प्रथम येथे झाली. उंबरठा ठेंगणा ठेवावा, म्हणजे पुष्कळांना आत येता येईल. कळस उंच बांधावा, म्हणजे आत आलेल्यांना वर पाहण्याजोगे काही असेल. अशी ती योजना होती.

मात्र उंबरठा आणि कळस यांच्यामध्ये घर असते. त्या घराची, म्हणजे शाळेची, अवस्था काय होती? तिची तपासणी झाली ती १९१७ साली नेमलेल्या कलकत्ता विद्यापीठ आयोगाकडून. लीड्स विद्यापीठाचे कुलगुरू मायकेल सॅडलर हे त्याचे अध्यक्ष. आशुतोष मुखर्जी हे एक सभासद. १९१९ साली या आयोगाने तेरा खंडांचा प्रचंड अहवाल सादर केला. त्यातील एक तुलना आजही विचार करावयास लावते. बंगालची लोकसंख्या तेव्हा सुमारे साडेचार कोटी, आणि ग्रेट ब्रिटन व आयर्लंड यांची मिळूनही जवळजवळ तेवढीच. पदवीसाठी अभ्यास करणाऱ्या विद्यार्थ्यांची संख्याही दोन्हीकडे सारखीच, सुमारे सव्वीस हजार. परंतु बंगालमध्ये दहा माणसांतील एकालाच लिहिता-वाचता येत होते. पायथा इतका अरुंद आणि माथा इतका रुंद, अशी ही इमारत होती.

विद्यापीठ सुधारण्यासाठी नेमलेल्या या आयोगाने सांगितले ते असे की आधी शाळा सुधारा. माध्यमिक शाळांतील शिक्षकांचे पगार तुटपुंजे, बहुतेकांना अध्यापनाचे प्रशिक्षण नाही, आणि सर्व शिक्षणावर परीक्षेची छाया पडलेली, हे निदान अहवालात विस्ताराने आले आहे. शाळा आणि विद्यापीठ यांमधील सीमारेषा मॅट्रिकवर न आखता इंटरमीडिएटवर आखावी; माध्यमिक शिक्षणाची व्यवस्था विद्यापीठाकडून काढून स्वतंत्र मंडळाकडे सोपवावी; पदवीचा अभ्यासक्रम तीन वर्षांचा करावा; मॅट्रिकपर्यंतचे शिक्षण बहुतांशी मातृभाषेतून व्हावे, अशा त्याच्या शिफारशी होत्या. अहवाल कोलकात्यावर लिहिला गेला, पण त्याचे चीज अन्यत्र आधी झाले. संयुक्त प्रांतात १९२१ साली स्वतंत्र मंडळ निघाले, त्याच वर्षी ढाक्याचे नवे विद्यापीठ सुरू झाले. बंगालमधील शालेय परीक्षा मात्र पुढली तीस वर्षे विद्यापीठाच्याच हाती राहिली. याचे एक कारण अत्यंत व्यावहारिक होते. मॅट्रिकच्या परीक्षेची फी हा विद्यापीठाच्या उत्पन्नाचा मोठा झरा होता. ज्या परीक्षेवर संस्थेचा संसार चालतो, ती परीक्षा तिच्याने सोडवत नाही. सुधारणेच्या मार्गात तत्त्वे आडवी येतात त्यापेक्षा जमाखर्च अधिक वेळा आडवा येतो.

तथापि काही गोष्टी सावकाश का होईना घडत गेल्या. १९२४ साली देशबंधू चित्तरंजन दास कोलकात्याचे महापौर झाले आणि सुभाषचंद्र बोस महापालिकेचे मुख्य कार्यकारी अधिकारी. शहरातील गरिबांच्या मुलांसाठी मोफत प्राथमिक शाळा काढणे हा त्यांच्या कार्यक्रमाचा एक प्रमुख भाग होता. क्षितीशप्रसाद चट्टोपाध्याय हे केंब्रिजमध्ये शिकलेले मानववंशशास्त्रज्ञ महापालिकेचे शिक्षणाधिकारी झाले. गोखल्यांनी त्याच शहरात जे बंधन स्थानिक संस्थेवर घालू पाहिले होते, ते तेरा वर्षांनी महापालिकेने आपण होऊन अंगावर घेतले. विद्यापीठातही पाऊल पुढे पडले. १९३६ साली बंगाली शुद्धलेखनाचे नियम विद्यापीठाने प्रसिद्ध केले. १९३७ च्या पदवीदान समारंभात रवींद्रनाथांनी प्रथमच बंगालीतून अभिभाषण केले. आणि १९४० पासून मॅट्रिकची परीक्षा मातृभाषेतून देण्याची सोय झाली. मुलाला कळणाऱ्या भाषेत मुलाची परीक्षा घ्यावी, एवढी साधी गोष्ट पदरात पडण्यास त्र्याऐंशी वर्षे लागली.

फाळणीनंतर निर्वासितांच्या लोंढ्यांनी कोलकात्यातील शाळा भरून ओसंडल्या. १९५१ साली पश्चिम बंगालचे माध्यमिक शिक्षण मंडळ स्थापन झाले आणि विद्यापीठाच्या हातून शालेय परीक्षा अखेर सुटली. १९५२ पासून 'स्कूल फायनल', १९६० पासून अकरा वर्षांची 'हायर सेकंडरी', आणि कोठारी आयोगाच्या आकृतिबंधानंतर १९७६ पासून 'माध्यमिक', अशी परीक्षेची नावे आणि वर्षे बदलत गेली. महाराष्ट्रातील जुन्या पिढीला अकरावीची एस. एस. सी. आठवते, नव्या पिढीला दहावीची. बंगालमध्येही तसेच झाले. तरीही वर्गाच्या फळ्यावर 'परीक्षेच्या दृष्टीने महत्त्वाचे' हे शब्द लिहिण्याची पद्धत दोन्हीकडे बदलली नाही.

१९८० नंतरच्या दशकात पश्चिम बंगालने उंबरठा सपाट करून पाहिला. सरकारी प्राथमिक वर्गांत मुलांना नापास करणे बंद झाले आणि इंग्रजी विषय प्राथमिक शाळेतून काढण्यात आला. गरीब घरातील, पहिल्याच पिढीत शिकणारी मुले नापासाच्या शिक्क्यामुळे आणि परक्या भाषेच्या धाकामुळे शाळा सोडतात. त्यांचा मार्ग मोकळा व्हावा, हा हेतू स्तुत्य होता. परंतु नापास करणे बंद केल्याने शिकविणे आपोआप सुरू होत नाही. ज्यांना ऐपत होती त्या पालकांनी मुले खाजगी इंग्रजी शाळांत नेली. ज्यांना ती नव्हती त्यांनी पोटाला चिमटा घेऊन खाजगी शिकवणी धरली. नव्वदीच्या दशकाच्या अखेरीस इंग्रजी तिसरीपासून परत आले आणि २००४ पासून पहिलीपासून. २००२ साली अमर्त्य सेन यांच्या प्रतीची न्यासाने राज्यातील प्राथमिक शाळांची पाहणी प्रसिद्ध केली. प्रेसिडेन्सी कॉलेजच्या या माजी विद्यार्थ्याने नोबेल पारितोषिकाच्या पैशातून हा न्यास उभारला होता. शाळेत जे शिकवावयाचे ते शिकवणीत शिकविले जाते, आणि ज्याला शिकवणी परवडत नाही ते मूल शाळेत असूनही मागे राहते, हे त्या पाहणीने उघड केले. शिकवणीचे हे लोण महाराष्ट्रातील पालकांना काही अपरिचित नाही.

शाळेनेच परीक्षा द्यावी, ही कल्पना कायद्यात उतरली ती २००९ साली. १ एप्रिल २०१० पासून अमलात आलेल्या शिक्षणहक्काच्या कायद्याला एक परिशिष्ट जोडलेले आहे. प्राथमिक वर्गांत साधारणतः तीस मुलांमागे एक शिक्षक असावा, प्रत्येक शिक्षकास निदान एक खोली असावी, मुलांना पिण्याचे पाणी आणि मुलामुलींसाठी वेगळी स्वच्छतागृहे असावीत, ग्रंथालय असावे, पहिली ते पाचवीचे वर्ग वर्षात दोनशे दिवस आणि सहावी ते आठवीचे दोनशे वीस दिवस भरावेत. ही शाळेला घातलेली प्रश्नपत्रिका होय. त्याच कायद्यात, आठवीपर्यंत कोणत्याही मुलाला त्याच वर्गात रोखू नये, असेही कलम होते. पुढील दहा वर्षे देशभर वाद झाला तो या एका कलमावर. २०१९ साली ते बदलले आणि पाचवी व आठवीला परीक्षा घेण्याची, पुरवणी संधीनंतरही अनुत्तीर्ण झालेल्या मुलाला मागे ठेवण्याची मुभा राज्यांना मिळाली. मुलाला नापास करता यावे यासाठी कायदा दुरुस्त झाला. परिशिष्टातील प्रश्नपत्रिकेत नापास झालेल्या शाळेचे काय करावे, यावर तेवढ्या हिरिरीने वाद झाल्याचे आठवत नाही.

कोलकात्यातील अलीकडची दोन वर्षे या संदर्भात बोलकी आहेत. २०२१ साली महामारीमुळे माध्यमिक परीक्षा होऊ शकली नाही. शाळेतील पूर्वीच्या गुणांवरून निकाल लावला गेला आणि शेकडा शंभर विद्यार्थी उत्तीर्ण ठरले. दर्जा बुडाला, अशी हाकाटी झाली. पुढे २०२५ साली, ३ एप्रिल रोजी, सर्वोच्च न्यायालयाने कलकत्ता उच्च न्यायालयाचा आदल्या वर्षीचा निर्णय कायम केला. २०१६ च्या निवडप्रक्रियेतून राज्यातील सरकारी व अनुदानित शाळांत झालेल्या २५,७५३ शिक्षक व शिक्षकेतर कर्मचाऱ्यांच्या नेमणुका रद्द झाल्या; ती प्रक्रियाच मुळापासून दूषित होती, असे न्यायालयास आढळले. शिक्षकांच्या निवडीची उत्तरपत्रिकाच जेथे शुद्ध राहिली नाही, तेथे मुलांच्या उत्तरपत्रिकेतील दोनचार गुणांचा हिशेब कोणी कोणाला मागावा? प्रामाणिकपणे निवड झालेल्या शिक्षकांवरही त्यात अरिष्ट ओढवले, आणि कित्येक वर्गांतील मुले वर्षाच्या आरंभीच शिक्षकांवाचून बसली. त्या मुलांची परीक्षा मात्र पुढे ढकलण्यात आली नाही.

विद्यार्थ्यावर अटी नसाव्यात, असा या साऱ्याचा निष्कर्ष काढणे चुकीचे होईल. ज्या मुलाला वाचता येत नाही, त्याला वाचता येते असे लिहून देणे ही त्याच्यावरील दया नव्हे. ती त्याची फसवणूक आहे. परीक्षा हवी. तीत नापासही होता आले पाहिजे. परंतु प्रत्येक अटीला दोन टोके असतात. एक टोक मुलाच्या हाती द्यावयाचे असेल, तर दुसरे शाळेने, महापालिकेने आणि सरकारने आपल्या हाती धरले पाहिजे. बंकिमचंद्रांना दिलेले ते गुण या दृष्टीने पाहिले म्हणजे त्यांचा अर्थ उलगडतो. विद्यापीठाने एका वर्षात जे शिकविले नव्हते, त्याचे देणे त्याने त्या दिवशी फेडले. ज्याला कृपा म्हटले गेले ते वस्तुतः ऋण होते.

कॉलेज स्ट्रीटवर उंच स्तंभांचा जो सेनेट हॉल १८७३ साली उभा राहिला होता, तो १९६० साली पाडण्यात आला. त्याच्या पायऱ्या छातीत धडधड घेऊन चढलेल्या कित्येक पिढ्या आता उरलेल्या नाहीत. समोर गोलदिघीचे तळे आहे, पलीकडे जुन्या पुस्तकांची दुकाने आहेत, आणि त्या दुकानांत आजही सर्वांत पुढे मांडलेली असतात ती परीक्षेची मार्गदर्शके. दर वर्षी माघ-फाल्गुनात त्या वाटेने मुले जातात. कोणाच्या हातात महागड्या शिकवणीच्या टिपणांचा गठ्ठा असतो, कोणाच्या हातात सरकारी शाळेने दिलेले एकच पुस्तक. दोघांच्या पुढे येणारी प्रश्नपत्रिका एकच असते, आणि ती तशी एकच असावी हेच न्याय्य आहे. त्या दोघांच्या मागे उभ्या असलेल्या शाळा मात्र एकसारख्या करण्याचे काम अजून व्हावयाचे आहे, आणि त्या कामाची परीक्षा मुलांना द्यावयाची नाही.